सध्या काय वाचता, काय ऐकता?

गेल्या कोजागरीस आपल्या सभेच्या गच्चीवर दूध आटत होते, तेव्हा नित्याचा प्रश्न निघाला. लष्करातल्या जुन्या मराठी घरांत 'प्रकृती कशी आहे?' या प्रश्नापाठोपाठ 'सध्या काय वाचता?' हा प्रश्न येतो, आणि दोहोंची उत्तरे सारख्याच गांभीर्याने दिली जातात. मात्र या वेळी पहिल्या तिघांचे उत्तर एकच आले. 'वाचत नाही, ऐकते आहे.' 'हल्ली ऐकतोच.' 'वाचणे कसले, चालताना कानाला लावतो.' उत्तर देताना तिघांचीही नजर किंचित खाली गेली. सणाच्या दिवशी पुरणपोळी विकत आणल्याची कबुली द्यावी, तसा तो स्वर होता.

ही शरम खरी की अनाठायी, हे आम्हांस तपासून पाहावेसे वाटले. आमचा स्वतःचा कल प्रथमपासून छापील पुस्तकाकडे. राज्यशासनाच्या सेवेत तीन तपे फायली वाचण्यात गेली, म्हणून निवृत्तीनंतर डोळ्यांना विश्रांती द्यावी असे पुष्कळांनी सुचविले. आम्ही मात्र त्याच डोळ्यांना जरा बरे अन्न देण्याचे ठरविले. त्यामुळे पुस्तक 'ऐकणाऱ्यां'विषयी आमच्या मनात एक अढी होती, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

त्या रात्री कोण काय वाचत वा ऐकत होते, त्याची नोंद प्रथम देतो. आपल्या सभेच्या एक ज्येष्ठ भगिनी दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' पुन्हा वाचीत होत्या. निवृत्त अभियंता असलेले एक सभासद विश्वास पाटलांची 'पानिपत' दुसऱ्यांदा हाती घेऊन बसले होते. दोघे-तिघे साने गुरुजींची 'श्यामची आई' नातवंडांना ऐकवीत होते. एका तरुण सुनेने नेमाड्यांची 'कोसला' संपविली होती आणि तिला ती आवडली की नाही, हे तिचे तिलाच ठरविता येत नव्हते. (आम्हांस ते १९७० च्या दशकातही ठरविता आले नव्हते.) आमच्या सौभाग्यवती लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचीत होत्या, दर दोन-तीन वर्षांनी त्या ती वाचतात. आणि आम्ही स्वतः विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' वाचीत होतो, तोही मोठ्याने. त्याचे कारण पुढे येईल.

मराठी माणसाने पुस्तक ऐकणे ही काही २०१७ साली 'स्टोरीटेल'ने भारतात पाऊल ठेवले तेव्हा सुरू झालेली गोष्ट नव्हे. चातुर्मासात पोथी एकाने वाचायची आणि घराने ऐकायची, हा क्रम आमच्या आजोबांपर्यंत अखंड होता. नवविधा भक्तीत श्रवण पहिले, वाचन नवांत कोठेच नाही. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झाले. ते अवघे एक वर्ष मराठी मुलुखाने कानांनी वाचले असे म्हणता येईल. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार या त्रयीच्या कथाकथनाला गर्दी करणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या कथा आधी छापील वाचल्या होत्या? आपल्या गावापुरते बोलायचे तर तानसेन समारोहाचा प्रारंभ आजही ढोलीबुवांच्या हरिकथेने आणि मिलादने होतो. कथा कानांनी घेणे या मातीला परके नाही.

एवढे मान्य केल्यावर आमची अढी सैल व्हावयास हवी होती. तशी ती झाली नाही, आणि का झाली नाही, ते आम्हांस आमच्या शेजारच्या अण्णांमुळे कळले.

अण्णा नव्वदीचे आहेत. शाळेत मराठी शिकविण्यात त्यांची हयात गेली. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, त्याला आता चार वर्षे झाली. त्यांच्या मुलाने त्यांना ध्वनिपुस्तके लावून दिली. काही त्यांना आवडली. काहींच्या पाठीमागे सतार वाजे, ती त्यांना सहन होईना. 'लेखकाने जिथे शांतता ठेवली आहे, तिथे हे लोक सतार ठेवतात,' असे ते म्हणाले. आम्ही औपचारिक सौजन्याने म्हणालो, 'आम्ही वाचून दाखवू का?' त्यांनी लगेच 'हो' म्हटले आणि आम्ही अडकलो. रोज संध्याकाळी जाणे जमेना, तेव्हा रात्री जेवणानंतर दोन-तीन पाने मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून व्हॉट्सॲपवर पाठवू लागलो. पुस्तक त्यांनीच निवडले – 'माझा प्रवास'.

या पुस्तकाची ओळख ग्वाल्हेरकरांस करून देणे म्हणजे काशीस जाऊन गंगा सांगणे. तरी नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगतो. पेणजवळच्या वरसईचे हे भटजी. घरच्या कर्जाने गांजून, बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत या वार्तेवर विसंबून, दक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेकडे निघाले. वाटेत बंड उभे राहिले. यज्ञ राहिला बाजूला. भटजी झाशीच्या वेढ्यात सापडले, लुटले गेले, उपाशी हिंडले, आणि शेवटी गंगेची कावड घेऊन घरी परतले. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी हे सारे लिहून काढले. वैद्यांनी ते संस्कारून १९०७ साली प्रसिद्ध केले. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली प्रत दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली आणली. हिंदीत अमृतलाल नागरांनी 'आँखों देखा गदर' या नावाने त्याचा अनुवाद केला, आणि आमच्या सेवाकाळातल्या कित्येक हिंदीभाषक सहकाऱ्यांस हे पुस्तक त्या नावानेच ठाऊक होते.

पहिल्या आठवड्यानंतर अण्णांचा अभिप्राय आला : 'तुम्ही परिपत्रक वाचून दाखवता आहात.' आम्ही दुखावलो, पण ते खरे होते. प्रत्येक वाक्य सारख्या वजनाने, शेवटच्या शब्दावर शिक्का मारल्यासारखे आमच्या तोंडून येत होते. मग आम्ही सुधारणा केली आणि दुसऱ्या टोकाला गेलो. काल्पीच्या वाटेवरच्या विहिरीचा प्रसंग वाचकांस ठाऊक आहेच. झाशी पडली आहे. धुळीने माखलेली, तहानलेली राणी विहिरीशी येते. भटजी पाणी काढून देऊ म्हणतात, तर तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही कशाला, असे म्हणून ती स्वतःच पाणी शेंदते. हा प्रसंग वाचताना आमचा गळा दाटून आला आणि आम्ही तो तसाच ध्वनिमुद्रित केला. मनात थोडी फुशारकीही होती. दुसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, 'भटजी रडत नाही. तुम्ही का रडता?'

या एका वाक्याने आमच्या अढीला नाव मिळाले. गोडसे भटजींच्या गद्याचे सारे सामर्थ्य त्यांच्या न रडण्यात आहे. लूट कोणत्या क्रमाने झाली, आधी सोनेनाणे, मग भांडी, मग कपडे आणि धान्य, हे ते एखाद्या कारभाऱ्याने यादी करावी तसे सांगतात. दक्षिणा किती मिळाली, जेवायला काय होते, कोणत्या वाड्यात कोठे लपलो, हे सारे एकाच स्वरात. राणी भेटते तीही त्याच स्वरात. डोळ्यांनी वाचणारा वाचक या सपाट स्वरात आपले दुःख आपण घालतो. मोठ्याने वाचणारा माणूस मात्र ते दुःख आधीच घालून मोकळा होतो आणि ऐकणाऱ्यास करण्यासारखे काही उरत नाही.

ध्वनिपुस्तकावर आमचा खरा आक्षेप हाच आहे. तो आळसाचा नव्हे. लेखकाने संदिग्ध ठेवलेले आवाजाने निश्चित करावेच लागते. छापील ओळीला स्वर नसतो. उच्चारलेल्या ओळीला तो असतोच, अगदी 'निर्विकार' म्हटला तरी तो एक स्वरच. 'कोसला'तील पांडुरंग सांगवीकराची धाकटी बहीण मनी देवीने जाते, ती पाने पाहा. तिथे तो थट्टा करतो आहे, वेडा झाला आहे की आतून फुटला आहे, हे वाचकास ठरविता येत नाही, आणि ते ठरविता न येणे हीच त्या पानांची वेदना आहे. ती आम्ही घरी मोठ्याने वाचून पाहिली. चार वेळा वाचली, चार प्रकारे. प्रत्येक वेळी काहीतरी ठरले, आणि जे ठरले ते मूळ पानापेक्षा लहान होते.

याउलट 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख लग्नानंतर झाली. लिहिण्याआधी त्या बोलल्या आहेत, आणि त्यांचे लिहिणे बोलण्यासारखेच राहिले. १९३४ साली पहिला भाग निघाला तेव्हापासून या पुस्तकाच्या साधेपणाची स्तुती होत आली आहे. आम्हांस तो शब्द अपुरा वाटतो. वडिलांचे सोवळे, त्यापायी घराची झालेली दैना, टिळकांचे न सांगता निघून जाणे, धर्मांतरानंतरची ताटातूट, यांपैकी प्रत्येक गोष्ट त्या स्वयंपाकघरातून बाहेर येत, हात पुसत सांगितल्यासारखी सांगतात, आणि विनोद नेमका तिथे करतात जिथे दुसऱ्या लेखिकेने डोळे पुसले असते. येथे स्वर पानावरच आहे. वाचणाऱ्याने तो फक्त ऐकायचा आणि पुढे द्यायचा. आमच्या सौ. यांनी त्यातली काही पाने अण्णांसाठी वाचली तेव्हा त्यांच्याकडून एकही तक्रार आली नाही. उलट, 'वहिनींनाच वाचू द्या' असा निरोप आला.

म्हणजे प्रश्न 'ऐकावे की वाचावे' असा नसून 'कोणते पुस्तक कानाचे आणि कोणते डोळ्यांचे' असा आहे. 'श्यामची आई' निःसंशय कानाची. तिची प्रकरणेच 'रात्री' आहेत; आश्रमातल्या मंडळींनी रोज जमून ऐकण्यासाठी रचलेल्या. एका बैठकीत ती संपविणाऱ्याने ती वाचली असे आम्ही मानीत नाही. एका रात्रीस एकच, आणि मग दिवा मालवावा. आमचा नातू मात्र ती दीडपट वेगाने ऐकतो. त्या यंत्रात तशी सोय आहे म्हणे. श्यामची आई दीडपट वेगाने रागावते, दीडपट वेगाने माया करते. त्यावर आम्ही काय बोलणार?

'ऋतुचक्र' मात्र डोळ्यांचे, आणि त्याहीपेक्षा बोटाचे पुस्तक आहे. पानात बोट घालून, पुस्तक अर्धवट मिटून, समोरच्या झाडाकडे पाहत बसण्याचे. दुर्गाबाईंनी चैत्रापासून एकेका महिन्याचे रंग, पाने, पाखरे इतकी दाटीने मांडली आहेत की दोन ओळींनंतर थांबल्याशिवाय ती मनात उतरत नाहीत. आवाज थांबत नाही. थांबविता येतो, पण थांबविणे आणि आपसूक थांबणे यांत फरक आहे. आमच्या ज्येष्ठ भगिनी तर त्या त्या महिन्याचा लेख त्या त्या महिन्यातच वाचतात. 'पानिपत'विषयी अभियंते सभासदांची तक्रार निराळी आहे. आधी त्यांनी ती ऐकण्याचा प्रयत्न केला. शिंदे, होळकर, पवार, विंचूरकर, बुंदेले, त्यांच्या छावण्या, त्यांची कुळी. कानांनी ऐकताना दत्ताजी कोणाचा कोण हे विसरले की मागे जायला पान नाही. शेवटी त्यांनी छापील प्रत उघडली आणि शेजारी नकाशा मांडला. शिंद्यांच्या गावात राहणाऱ्याने दत्ताजींचे नाते विसरावे यात त्या यंत्राचा दोष किती आणि अभियंत्यांचा किती, हा प्रश्न आम्ही त्यांना विचारलेला नाही.

येथवर आमचा तराजू छापील पुस्तकाकडे झुकला आहे असे वाटेल. पण एक गोष्ट अशी घडली की जिच्यामुळे आम्हांस दुसऱ्या पारड्यातही काही ठेवणे भाग आहे.

आपल्या मुलानातवंडांना देवनागरी येते. हिंदीमुळे ती जन्मसिद्ध. त्यामुळे 'आमची मुले मराठी वाचू शकतात' असे आपण अभिमानाने सांगतो. पण लिपी येणे म्हणजे भाषा वाचता येणे नव्हे. मराठीतल्या च, ज आणि झ यांचे दोन-दोन उच्चार लिपीत कोठेच दाखविलेले नसतात. 'चंद्र' आणि 'चांदणे' यांतला च एक नव्हे, हे मराठी घरात वाढलेल्यास कोणी शिकवीत नाही आणि हिंदी शाळेतून आलेल्यास कोणीच सांगत नाही. 'जरा थांब' यातला जरा आणि 'जरा आली' यातली जरा लिहायला सारख्या, बोलायला वेगळ्या. आमची नात बंगळूरला असते. ती लहानपणापासून मराठी छापील अक्षरे हिंदीसारखी वाचे आणि वाचताना कंटाळे. कारण जे घरात ऐकले ते आणि जे पानावर दिसले ते जुळत नसे. गेली दोन वर्षे ती नोकरीला जाता-येता मराठी पुस्तके ऐकते. यंदा दिवाळीत आली तेव्हा तिने सहज 'बनगरवाडी' उचलली आणि दोन पाने मोठ्याने वाचली. प्रत्येक च आणि ज जागेवर. आम्ही चार वर्षे जे समजावून थकलो, ते तिच्या कानाने परस्पर करून टाकले होते.

मात्र तिच्या मराठीतून आमची मराठी गेली, हेही नमूद करतो. 'पाणी पिऊन घे', 'काय करून राहिलास' ही आपल्याकडची बोली. पिढ्यान् पिढ्या माळव्याच्या आणि चंबळेच्या पाण्यावर वाढलेली. नात आता 'काय करतो आहेस' म्हणते, शुद्ध पुणेरी, आणि आम्हांस क्षणभर परक्या घरी आल्यासारखे होते. ध्वनिपुस्तकांतला आवाज बहुतेक एकाच प्रदेशाचा असतो. १९६१ साली आपल्या गावी मराठी साहित्य संमेलन भरले, कुसुमावती देशपांडे अध्यक्ष होत्या. पहिल्या महिला अध्यक्षांचा मान आपल्या गावाने दिला याचा आपल्या वडीलधाऱ्यांना केवढा अभिमान! पण ग्वाल्हेरच्या मराठीचा आवाज कोणत्या ध्वनिपुस्तकात आहे, हे आम्ही शोधतो आहोत.

आता मूळ निमित्ताकडे वळतो, कारण हा लेख निव्वळ रसास्वादासाठी लिहिलेला नाही. आपल्या सभेच्या कार्यकारिणीपुढे एक सूचना आली आहे : वाचनालयातील पुस्तके फारशी कोणी नेत नाही, तेव्हा नवीन पुस्तकखरेदीची तरतूद थांबवावी, त्याऐवजी सभासदांसाठी एखाद्या श्राव्य ग्रंथसेवेची वर्गणी भरावी, आणि मागील खोलीतील जुनी कपाटे रिकामी करून ती खोली कार्यक्रमांसाठी मोकळी करावी. सूचना मांडणारे आपले स्नेही आहेत आणि त्यांचा हेतू स्वच्छ आहे. वर्गणी भरावी, याला आमचा विरोध नाही. अण्णांसारख्यांसाठी आणि नातीसारख्यांसाठी ती अवश्य भरावी. पण कपाटे रिकामी करण्यास आमचा विरोध आहे, आणि सेवाकाळातल्या सवयीने तो आम्ही कारणासह नोंदवितो.

वर्गणीने आपण ग्रंथ घेत नाही, ऐकण्याची मुदत घेतो. मुदत संपली की कपाट रिकामे. त्यात कोणाचे नाव नाही, कोणाची पेन्सिलीची खूण नाही. शिवाय जे ध्वनिमुद्रित झालेले नाही, ते त्या दुनियेत नाहीच. आमच्याकडे असलेली 'माझा प्रवास'ची प्रत वैद्यांच्या पाठाची. त्याच मागील खोलीत पोतदारांची १९६६ ची प्रत सापडली, वाळवीने कडा खाल्लेली. दोन्ही शेजारी ठेवून वाचू लागलो तेव्हा कळले की वैद्यांनी जिथे भटजींची बोली घासूनपुसून नीट केली आहे, तिथेच मोठ्याने वाचताना आमची जीभ अडखळत होती. मूळ पाठ तोंडात आपोआप बसला. वाचण्यासाठी वैद्यांचा पाठ बरा, ऐकण्यासाठी भटजींचा. दोन प्रती एका खोलीत नसत्या तर ही गोष्ट आम्हांस कळलीच नसती.

आणि झाशीचे ते पान. राजवाड्यातील पोथ्यांच्या संग्रहाची वाताहत भटजींनी सांगितली आहे, त्याच यादीच्या स्वरात. पण आम्ही ते अण्णांसाठी वाचले त्या रात्री दोन ओळींमध्ये आमच्याकडून नकळत थांबणे झाले. भटजींनी राणीसाठी स्वर बदलला नाही. पोथ्यांपाशी तो किंचित बदलतो असा आमचा समज आहे. अण्णांना आम्ही तसे विचारले. त्यांनी ते पान पुन्हा पाठवायला सांगितले. दोनदा ऐकले. मग म्हणाले, 'बदलतो. पण तुम्ही थांबलात म्हणून की खरोखर, हे मला सांगता येत नाही. पुस्तक घेऊन या, माझ्या सुनेला शांतपणे वाचू द्या.'

पुस्तक आता त्यांच्याकडे आहे. सभेचा निर्णय येत्या वार्षिक बैठकीत होईल. सभासदांनी बैठकीपूर्वी एकदा मागील खोलीत जाऊन यावे. किल्ली चौकीदाराकडे असते. दिव्याचे बटण दाराच्या डावीकडे आहे, पण दिवा लागत नाही. टॉर्च सोबत न्यावा.